संक्रांतीला संपलेली चटणी : टीव्हीवर गेलेल्या एका खानावळीचं प्रकरण

कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या एका बोळात सोळा खुर्च्यांची खानावळ आहे. नाव सांगत नाही, कारण नाव जगजाहीर झाल्यावर काय होतं, तेच हे प्रकरण. मी तिथले हिशेब बघतो. म्हणजे कागदावरचे, खरे हिशेब खानावळ चालवणाऱ्या आक्कांच्या डोक्यात असतात. वर्षाची ठरलेली फी आणि रविवारी दुपारची थाळी, असा आमचा जुना करार आहे.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एका हिंदी वाहिनीच्या खाद्यभ्रमंतीची टीम इथं आली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो भाग लागला. संक्रांत होऊन आठवडा झाला नाही तोवर खानावळीची वर्षाची चटणी संपली. मधल्या दोन-तीन महिन्यांत काय झालं ते इथं मांडतोय, कारण ‘टीव्हीवर आली अन् चव गेली’ हे वाक्य आमच्या गावात दर दुसऱ्या हॉटेलाबद्दल ऐकायला मिळतं आणि त्याचं कारणही ठरलेलं असतं: पैसा डोक्यात गेला. या घरात पैसा कुणाच्या डोक्यात गेला नव्हता. चव मात्र तीन आठवडे खरोखरच गेली होती.

आधी खानावळ कशी चालायची ते. सोमवारी बंद, श्रावण महिनाभर बंद, नवरात्राचे नऊ दिवस बंद. उरतात साधारण २८० दिवस. दिवसाला सरासरी तीस थाळ्या, त्यातले आठ-दहा डबे. थाळी २२० रुपयांची, त्यातले निम्म्याहून जास्त मटणालाच जायचे. वर्षाची उलाढाल साडेअठरा लाखांच्या आसपास, म्हणजे जीएसटी नोंदणीच्या वीस लाखांच्या रेषेच्या आत. येणारी माणसं ठरलेली: उद्यमनगरातले दोन वर्कशॉपवाले, एक निवृत्त मुख्याध्यापक, रविवारी तालमीतली चार-पाच पोरं आणि त्यांचे वस्ताद. बुधवारी किती, शुक्रवारी किती, रविवारी किती हे आक्कांना सकाळी मटण आणायला माणूस धाडतानाच माहीत असायचं. उरलं म्हणून टाकलं, असं मी पंधरा वर्षांत पाहिलेलं नाही.

आता पातेल्याचं गणित, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला वाटतं, तांबडा रस्सा आणि पांढरा रस्सा या दोन भाज्या आहेत, हव्या तेवढ्या करता येतात. तसं नाही. मटण हळद, मीठ, आलं-लसूण लावून शिजवलं की जे पाणी सुटतं ते अळणी. दोन्ही रस्से त्या अळणीचेच. त्यातलं अर्धं जातं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात आणि तांबडा होतं. अर्ध्यात काजू, खसखस, पांढरे तीळ यांचं वाटण आणि ओल्या नारळाचं दूध पडतं आणि पांढरा होतं. म्हणजे रस्सा किती होणार हे मटण ठरवतं. आक्कांचा ठोकताळा किलोला सहा थाळ्या आणि वीस वाट्या. रोजचं गिऱ्हाईक तीन वाट्यांत उठतं. वाढपी ‘रस्सा?’ म्हणून विचारतो, माणूस ताटावर आडवा हात धरतो, विषय संपला. ‘रस्सा पाहिजे तेवढा’ ही आमच्याकडं पाटीवर लिहायची गोष्ट नाही. ती रीत आहे, आणि खाणाऱ्याला आपलं माप माहीत असतं म्हणूनच ती परवडते.

दुसरं गणित चटणीचं. आमच्याकडं चटणी म्हणजे कांदा-लसूण घातलेला लाल मसाला, वर्षाचा एकदम केलेला. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, देठ खुडायचे, खोबरं, तीळ, धने, जिरं, खडा मसाला भाजून घ्यायचा आणि सगळं घेऊन डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गिरणीवर, जायचं. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी, आणि अंगात खुमखुमी असेल तर मूठभर लवंगी. ब्याडगी हावेरी जिल्ह्यातली, २०११ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग इतका धरतो की तो काढून लिपस्टिक आणि नेलपॉलिशलाही वापरतात. तिखट मात्र ती बेतानंच असते. तांबडा रस्सा लालभडक दिसतो आणि तरी चार वाट्या जातात, त्याचं गुपित तेवढंच. कोल्हापुरी म्हणजे जाळ, ही बाहेरच्यांनी करून घेतलेली समजूत. अर्थात आम्हीही ती मिशीला पीळ देत वाढवत आलोय.

तर मे महिन्यात जेवढी चटणी कुटली तेवढीच पुढच्या मेपर्यंत. खानावळीची क्षमता मी कायम खुर्च्यांवर मोजत होतो. ती माळ्यावरच्या बरण्यांत होती हे मला जानेवारीत कळलं.

शूटिंगचा दिवस

त्या दिवशी मी तिथं होतो, कारण परवानगीच्या कागदावर सही करायच्या आधी तो मला दाखवायचा असं आक्कांच्या थोरल्या मुलानं ठरवलं होतं. कागद दोन पानांचा, इंग्रजी. चित्रीकरण कुठंही, कितीही काळ दाखवायचा हक्क त्यांचा. पैसे काहीच नाहीत, ना घ्यायचे ना द्यायचे. मी म्हटलं, सही करायला हरकत नाही. ‘कितीही काळ’ या शब्दांवर मी बोट ठेवायला हवं होतं. ठेवलं नाही.

सकाळी आठला सात माणसं आली. साउंडवाल्यानं पहिल्यांदा पंखा बंद करायला लावला. मग फ्रीज. मग शेजारच्या वहिनींना निरोप गेला की कुकरची शिटी अर्धा तास होऊ देऊ नका. त्यांनी बिचाऱ्यांनी डाळ तशीच ठेवली. दिग्दर्शिका तिशीची, बोलायला गोड आणि कामाला पक्की. तिला स्वयंपाकघरातला मिक्सर नको होता.

‘माताजी, पत्थर पे नहीं पीसते?’

आक्का म्हणाल्या, ‘मिक्सर हाय की. पाट्यावर कोण वाटतंय आता? माझं खांदं गेलं त्या पाट्यापायी, तवा मी मिक्सर घेतलो.’ (आमच्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. थोरल्यानं त्याचं हिंदी केलं तेव्हा दिग्दर्शिका क्षणभर गोंधळली.)

शेवटी शेजारून पाटा-वरवंटा आला. तो तिथं परड्यात धुणं धुवायला होता. घासून पुसून दारात मांडला, आक्कांना नऊवार नेसायला लावली आणि त्यांनी दोन मिनिटं तयार वाटणच पुन्हा वाटलं. टीव्हीवर तेवढ्यावर निवेदन होतं: पिढ्यान् पिढ्या पाट्यावर वाटला जाणारा मसाला.

खरी गंमत पांढऱ्याची झाली. नारळाचं दूध घातल्यावर पांढरा उकळायचा नसतो. मंद आचेवर नुसता गरम ठेवायचा, नाहीतर तो फुटतो. पण कॅमेऱ्याला वाफ पाहिजे. पहिल्या टेकला अँकरनं वाटी उचलली तेव्हा वाफ दिसली नाही. दुसऱ्या टेकला वाफ आली, पण बोळातून दूधवाल्याची मोटरसायकल गेली. तिसऱ्याच्या आधी त्यांच्या पोरानं गॅस मोठा केला आणि आक्का ‘आरं आरं’ म्हणेपर्यंत पातेल्यात कणी धरली. वर तूप वेगळं, खाली पाणी, मधे दह्यासारखे गोळे. दिग्दर्शिकेला मॉनिटरवर ते पांढरंच दिसत होतं. ती म्हणाली, चालेल. आक्कांनी पळी खाली ठेवली.

‘ह्ये मी वाढणार न्हाई.’

‘माताजी, बस शॉट के लिए.’

‘शॉट करा. खायाला न्हाई द्यायचा.’

घरच्यांसाठी काढून ठेवलेलं छोटं भगुलं होतं, त्यातला रस्सा अँकरला मिळाला. टीव्हीवर पातेलं दिसतं ते फुटक्या रस्स्याचं आणि वाटी दिसते ती चांगल्या रस्स्याची. बघणाऱ्या कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही. आक्कांनी मात्र तो भाग लागला तेव्हा नेमकी त्याच वेळी मान फिरवली.

तांबड्यात उलटं झालं. अँकरनं घोट घेतला, मान डोलावली आणि प्रामाणिकपणे म्हणाला, अरे, हा तर इतका तिखट नाही. कट! असं कसं चालेल? कोल्हापूर आणि तिखट नाही? मग थोरल्यानंच तेल तापवून त्यात दोन चमचे चटणी सोडली आणि तो कट, म्हणजे तिखट तेलाचा तवंग, वाटीवर ओतला. अँकरला ठसका लागला, डोळ्यात पाणी आलं, कानातून धूर निघाल्याची खूण त्यानं केली. मग त्यानं लागोपाठ चार वाट्या पांढरा प्याला आणि कॅमेऱ्याकडं बघून सांगितलं की इथं रस्सा अनलिमिटेड आहे. सगळं आवरायला दुपारचे तीन वाजले. टीव्हीवर ते साडेचार मिनिटं होतं.

मी हे तक्रार म्हणून सांगत नाही. ती माणसं त्यांचं काम करत होती, आणि तो भाग सुंदर दिसत होता. बोळ, पितळी पळी, आक्कांचे हात. मला स्वतःला माझं गाव नव्यानं दिसल्यासारखं वाटलं. पण त्या साडेचार मिनिटांत तीन गोष्टी गिऱ्हाइकाला सांगितल्या गेल्या: इथं पाट्यावर वाटतात, इथलं तिखट रडवतं, आणि रस्सा हवा तेवढा प्या. पहिली खोटी, दुसरी बनवलेली, तिसरी खरी पण अर्धी. खानावळीला सगळ्यात महाग पडली ती तिसरी.

पाककृती आणि पत्ता

इथं थोडं मागं जातो. टीव्हीवरच्या खाण्याचं आमच्या घरांत जे पहिलं रूप आलं ते पाककृतीचं. १९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूरांचं ‘खाना खजाना’ सुरू झालं. पुढं मराठीत ‘आम्ही सारे खवय्ये’ आलं, प्रशांत दामल्यांनी ते घराघरांत नेलं. आमची आई वही घेऊन बसायची. तो कार्यक्रम माणसाला त्याच्याच स्वयंपाकघरात पाठवायचा. मग स्पर्धा आली. मास्टरशेफ मूळ बीबीसीचं, १९९० मधलं. भारतात ते ऑक्टोबर २०१० मध्ये स्टार प्लसवर आलं, अक्षयकुमार परीक्षकांत होता आणि लखनौच्या शिक्षिका पंकज भदौरिया पहिल्या पर्वात जिंकल्या. तिथं वही नाही, घड्याळ होतं. २०१५ चं चौथं पर्व तर संपूर्ण शाकाहारी झालं. पेठेत त्याला किती प्रेक्षक मिळाले असतील ते सोडा.

खाद्यभ्रमंती या दोन्हींहून वेगळी आहे. ती पाककृती देत नाही, घड्याळ लावत नाही, ती पत्ता देते. पाककृती हजार जणांनी केली तर हजार घरांत पातेली चढतात. पत्ता हजार जणांनी घेतला तर हजार जण एकाच पातेल्यापाशी येतात. त्यात तो भाग एकदा लागून संपत नाही. आमच्याकडं टीव्ही बघून आलेले लोक पहिल्या आठवड्यातले. नंतरचे सगळे मोबाइलवरच्या तुकड्यामुळं. कागदावरचं ‘कितीही काळ’ ते हेच.

बँकॉकच्या जे फाय या बाईंचं उदाहरण मला नंतर आठवलं. डोळ्यांवर मोठा गॉगल लावून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट करणाऱ्या त्या. डिसेंबर २०१७ मध्ये हॉटेलांना तारे देणाऱ्या मिशलिनची बँकॉकची पहिली यादी आली तेव्हा त्यांना एक तारा मिळाला. २०१९ मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘स्ट्रीट फूड’च्या पहिल्याच भागात त्या आल्या. शेगडीसमोर उभ्या त्या एकट्याच, म्हणून रांगा लागल्या आणि नाव नोंदवायची यादी आली. दरही असा की बँकॉकच्या रस्त्यावरच्या जेवणात तो बसत नाही. थोरल्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मग आपणबी दर वाढवू की.’ वाढवता आला असता? २०१९ च्या शेवटी मटणाचा दर वाढला म्हणून या गावानं आंदोलन केलं, कृती समिती काढली, विक्रेत्यांशी बैठका घेतल्या. मटणाच्या भावावर रस्त्यावर येणाऱ्या गावात २२० ची थाळी ४०० ला करायची, तर आधी वस्तादांच्या डोळ्याला डोळा भिडवायला लागतो.

डिसेंबर ते फेब्रुवारी

नाताळच्या सुट्टीत अंबाबाईचं दर्शन आणि मग मटण, असा बेत करून पुण्या-मुंबईची, बेळगावची, गोव्याची माणसं येतात. एरवी ती मोठ्या हॉटेलांत जायची. त्या डिसेंबरात बोळाच्या तोंडाशी एमएच १२ आणि केए २२ च्या गाड्या एकमेकींना शिंगं लावून उभ्या राहिल्या. दिवसाला ऐंशी थाळ्या जायला लागल्या. सोळा खुर्च्या, पाच पंगती. सोमवारची सुट्टीही गेली, कारण पर्यटकाला सोमवार कळत नाही.

लोकांनी पाटा कुठं आहे म्हणून विचारायला सुरुवात केली. पहिले दोन दिवस ‘आत आहे’ सांगितलं. मग लोक आत जाऊन बघायला लागले. शेवटी शेजारच्यांचा पाटा परत आणून दारातच ठेवला आणि रोज सकाळी त्याला जरा वाटण फासायचं काम धाकट्याकडं गेलं. शेजारच्या वहिनींनी धुण्यासाठी दुसरा दगड आणला.

तिखटाची तक्रार जास्त त्रासाची. ‘टीव्हीत होतं तसं तिखट नाही.’ मग कट वेगळा द्यायला लागले. कटाला चटणी जास्त, तेल जास्त. आणि रस्सा! चार वाट्या हा अँकरनं आकडा पाडूनच दिला होता. तरुण पोरांचा ग्रुप आला की पैज लागायची. एकानं नऊ वाट्या पांढरा प्यायल्याचं मी स्वतः बघितलं. ताटातलं मटण त्यानं अर्धं ठेवलं. किलोला वीस वाट्यांचं अळणी, आणि माणशी सहा-सात वाट्यांची मागणी. पातेलं पुरवायचं तर पाणी वाढवायचं, पाणी वाढवलं की दाटपणा आणायला काजू वाढवायचा, काजू वाढला की गोडसर होतं, गोड मारायला मिरी. डिसेंबरच्या शेवटाला पांढरा रस्सा चवीला वाईट नव्हता, पण तो मटणाचा राहिला नव्हता. हे कुणी ठरवून केलं नाही. रोज एक तांब्या, एवढंच.

आमच्याकडं गिऱ्हाईक चव बिघडली असं तोंडावर सांगत नाही. वस्तादांनी तर नाहीच. पण मी रविवारी त्यांच्या समोरच बसतो. एरवी तांबडा दोनदा, पांढरा दोनदा घेणारा माणूस. १ जानेवारी रविवार होता. त्यांनी पहिली वाटी संपवली आणि वाढपी आला तसा ताटावर हात धरला. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्यानंतरच्या रविवारी ते आलेच नाहीत. त्यानंतर मी माझ्यापुरता एक नियम केला: खानावळीची तब्येत गल्ल्यावर बघायची नाही, रोजच्या गिऱ्हाइकाच्या दुसऱ्या वाटीवर बघायची. गल्ला तर त्या महिन्यात इतिहासात नव्हता एवढा होता.

चटणी संपली ती जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात. योगायोग असा की त्याच आठवड्यात आर्थिक वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या पलीकडं गेली. मी जीएसटीचे कागद घेऊन गेलो होतो. तीस दिवसांत नोंदणी करायला लागते आणि कंपोझिशन नावाच्या सोप्या योजनेत गेलं तर पाच टक्के आपल्या खिशातून भरायचे, गिऱ्हाइकाकडून वेगळे घेता येत नाहीत, हे समजावत होतो. आक्कांचं लक्ष नव्हतं. त्या माळ्याखाली उभ्या राहून धाकट्याला विचारत होत्या, ‘मागच्या बाजूची बरणी बघितलीस का?’ तीही रिकामी होती.

थोरल्यानं संध्याकाळपर्यंत बाजारातून तयार मसाल्याची पन्नास किलोची सोय केली. त्याला दोष देणारा मी नाही. दारात रांग उभी आहे आणि चटणी नाही, अशा वेळी माणूस दुसरं काय करणार? मसाला चांगला होता, रंगाला तर आमच्यापेक्षा चढ. पण प्रत्येक घराच्या चटणीत खोबरं किती भाजायचं आणि लसूण कच्चा घालायचा की तळून, याचा एक पत्ता असतो, आणि हा पत्ता दुसऱ्याच घराचा होता. ते तीन आठवडे मुख्याध्यापकांनी डबा बंद केला.

आता या प्रकरणातला मला सगळ्यात आवडलेला भाग. थोरल्याच्या बायकोनं त्याच जानेवारीत एका पाककला स्पर्धेचा अर्ज भरला. तीही टीव्हीचीच, वाहिनी दुसरी. घरात एकदा कॅमेरा आला की तो सहज जात नाही. अर्जात पाककृती मापासकट लिहायची होती, ग्रॅममध्ये. आक्कांचं माप ओंजळ, पळी आणि ‘डोळ्याला दिसंल तसं’. म्हणून सुनेनं मे महिन्यातल्या मिरचीच्या पावत्या काढल्या, सासूच्या ओंजळीखाली ताटली धरली आणि काट्यावर मोजलं. एका थाळीला, दोन्ही रस्से, सुकं आणि एवढ्या-तेवढ्या कटासकट, पंधरा ग्रॅम चटणी. निवडचाचणीला ती पुण्याला गेली. डब्यात नेलेला रस्सा तिथं पाच मिनिटांत मांडायचा होता. परीक्षकांनी चव वाखाणली आणि मांडणी साधी आहे म्हणून तिला घरी पाठवलं. रस्सा वाटीत नाही तर कशात मांडायचा, हे तिला अजून कळलेलं नाही. मलाही नाही.

पण तो पंधरा ग्रॅमचा आकडा घरात राहिला. मी तो घेऊन ओट्यावर बसलो. तीस थाळ्या, २८० दिवस, म्हणजे वर्षाला सव्वाशे किलो. मे महिन्यात बरोबर तेवढीच कुटली होती. नोव्हेंबरअखेर साधारण ५८ किलो शिल्लक. ऐंशी थाळ्यांना रोज सव्वा किलो. दीड महिना. हे गणित टीव्हीचा भाग लागला त्याच दिवशी मांडता आलं असतं. ते मांडायला लागणारा आकडा या घरात पन्नास वर्षं कुणाला लागलाच नव्हता, कारण माणसं ठरलेली होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निर्णय झाला. कुणी एकानं घेतला असं नाही. वस्ताद पुन्हा आले नाहीत, त्यानंच तो घेतला म्हणा. बाजारात नवी मिरची आली होती, ती आणून चाळीस किलोची मधली चटणी केली. आक्कांच्या मते फेब्रुवारीची चटणी म्हणजे अर्ध्या उन्हाची चटणी, पण घरची तर घरची. चाळीस किलो एप्रिलअखेरपर्यंत पुरवायचे तर दिवसाला पंचेचाळीस थाळ्या. सकाळी अकराला चिठ्ठ्या द्यायच्या. दहा डबे आणि रोजच्यांच्या दहा थाळ्या आधी बाजूला, उरलेल्या पंचवीस चिठ्ठ्या येईल त्याला. संपल्या की पाटी: पातेलं संपलं. रस्सा तीनदा वाढायचा, चौथ्यांदा मागितला तर द्यायचा, पण वाढप्यानं आपणहून फिरायचं नाही. कट बंद. सोमवार पुन्हा बंद.

पुण्याहून आलेल्या एका कुटुंबानं पाटीसमोर उभं राहून बराच वाद घातला. चार तासांचा प्रवास करून आलो, लहान मुलं आहेत. त्यांचं काही चुकत नव्हतं. आक्का बाहेर आल्या, म्हणाल्या, ‘पोरास्नी भात-रस्सा देतो, या आत. तुमास्नी न्हाई.’ पोरं जेवली, आई-बाप बघत बसले. त्यांनी नंतर एक स्टार दिला.

वस्ताद मार्चमध्ये आले. कुणी बोलावलं नव्हतं. तांबडा दोनदा घेतला, पांढरा एकदा. मी मोजत होतो.

थोरल्याचं तावडे हॉटेलजवळ हायवेला दुसरी शाखा काढायचं स्वप्न अजून आहे, आणि मला ते मूर्खपणाचं वाटत नाही. तिथं गाड्या लावायला जागा आहे, दर वेगळा ठेवता येतो, पर्यटकाची सोय होते आणि बोळ मोकळा राहतो. अडचण एकच: तिथल्या पातेल्याला चटणी कुणाची? सून म्हणते, आता माप लिहिलेलं आहे, मी करते. आक्का त्यावर काही बोलत नाहीत. मी त्याचा अर्थ नकार असा घेत नाही.

एप्रिलच्या शेवटी आम्ही डंकावर गेलो. मिरचीच्या धुरळ्यानं डंकवाल्याचे भुवयांचे केससुद्धा लाल झालेले असतात त्या दिवसांत. बाहेर बायका तोंडाला पदर लावून आपापल्या पिशव्यांवर नजर ठेवून बसलेल्या. थोरल्याचा आकडा तीनशे किलोचा होता, माझा कागदावरचा १८० चा. पोती उतरवून झाली तशी आक्कांनी त्यातलं एक परत रिक्षात ठेवायला सांगितलं. डंकवाला म्हणाला, ‘आक्का, टीव्हीवाल्यांस्नी लवंगी जरा जास्त टाकू का यंदा?’

‘हाय तशीच कर.’

भरली १६० किलो. मी तिथंच मोबाइलवर भाग दिला: दिवसाला अडतीस थाळ्या.